घावनाची वाट

धर्मगुरूने कोठे जेवावे हे धर्मग्रामस्थ ठरवतात आणि काय जेवू नये हे डॉक्टर ठरवतात. या दोहोंच्या मध्ये जी थोडी मोकळीक उरते तिच्यात आम्हांला एक ठिकाण सापडले आहे, आणि त्याविषयी चार शब्द लिहावेत असे गेले वर्षभर मनात आहे. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहिलो की कोणी ना कोणी विचारतेच, "फादर, वसईचे पाहुणे आले आहेत, त्यांना कोठे न्यावे?" अंबरनाथचे शिवमंदिर पाहून झालेले असते, बारवी धरणाकडे एक फेरी झालेली असते. अशा वेळी आम्ही सांगतो, बदलापूर ओलांडा, वांगणीच्या रस्त्याला लागा, आणि चंदेरीचा सुळका उजव्या हाताला नीट दिसू लागला की गाडीचा वेग कमी करा. आंब्याच्या झाडामागे सिमेंटच्या पत्र्यांची एक पडवी आहे. तेथे घावने मिळतात. घावनांखेरीज तेथे फारसे काही मिळत नाही, आणि घावनांसाठीसुद्धा थांबावे लागते.

त्या जागेचे नाव येथे देत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ते आपल्यापाशीच ठेवावे. पडवीत सहा टेबले आहेत, तवे दोन आहेत, आणि त्या दोन तव्यांमागे एकच बाई उभी असते. हे त्रैमासिक किती घरांत जाते याची आम्हांला कल्पना आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही नावे मुंबईकराला ठाऊक असतात ती लोकल गाडीच्या फलकावरून. तेथे उतरून कोणी पाहण्यासाठी हिंडावे असे त्याला वाटत नाही. वास्तविक अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे आहे. शिलाहारांच्या काळातील त्या काळ्या दगडापुढे आमची सगळी चर्चे कालची पोरे वाटतात. बदलापूरची तर कथाच प्रवाशांची आहे. येथे वाटसरू घोडे बदलत, म्हणून बदलापूर, असे जुने लोक सांगतात. व्युत्पत्ती खरी की रचलेली, हा वाद भाषापंडितांनी मिटवावा. परंतु जेथे घोडे बदलतात तेथे माणसे भुकेली असतात, आणि जेथे माणसे भुकेली असतात तेथे कोणीतरी तवा चुलीवर ठेवून बसलेले असते, एवढे मात्र खरे मानण्यास हरकत नाही. आज घोड्यांच्या जागी मोटारी आल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती उठल्या. त्यांतील पुष्कळ घरे मुंबईत जागा न परवडलेल्या आमच्याच लोकांची आहेत.

आता घावनाविषयी. ज्यांचे बालपण कोकणात गेले त्यांना सांगण्याची गरज नाही. परंतु आमच्या धर्मग्रामात अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, कुटुंबे बरीच आहेत आणि ती घावनाला धिरडे म्हणतात. धिरडे वेगळे. धिरड्याला डाळीचे पीठ चालते, ज्वारीचे चालते, उरलेसुरले काहीही चालते, आणि त्या उदारपणातच त्याचे मोठेपण आहे. आंबोळीच्या पिठात तांदळाबरोबर उडीद असतो व ते आंबवावे लागते. घावनाला केवळ तांदूळ, पाणी आणि मीठ. लपवायला जागाच नाही. तांदूळ जुना हवा, तो भिजवून अगदी मऊ वाटायला हवा, आणि पीठ ताकासारखे पातळ हवे. बिडाचा तवा चांगला तापला की अर्ध्या चिरलेल्या कांद्याने त्यावर तेल फिरवायचे आणि पीठ तव्याच्या कडेकडून आत ओतत यायचे. पळीने पसरायचे नाही. पसरले की जाळी मोडली. मग झाकण. कडा सुटल्या की काढायचे, घडी घालायची आणि ताबडतोब पानात. प्रत्येक वेळी पीठ तळापासून ढवळून घ्यावे लागते, कारण तांदूळ खाली बसतो आणि वर नुसते पाणी उरते. हे सारे सांगायला सोपे आहे. आम्ही एकदा करून पाहिले. तवा घासायला आमच्या स्वयंपाक्याला दुपार लागली.

पहिले घावन बहुधा बिघडते. तवा अजून घावनाला सरावलेला नसतो. त्या घरी ते पहिले घावन गिऱ्हाइकाला देत नाहीत. ते कोणाच्या वाट्याला जाते, हा प्रश्न बराच काळ कोणी विचारलेला नव्हता.

पानात घावनाबरोबर दोन गोष्टी येतात. एक, काळ्या वाटाण्यांची उसळ, मालवणी मसाल्याची, दाट. दुसरी, गूळ व वेलची घातलेला नारळाचा रस. घावन रसात बुडवून खाल्ले की त्याच्या जाळीत रस भरतो आणि दाताखाली तो हलकेच सुटतो. परंतु हे सुख तीन-चार मिनिटांचे आहे. घावन निवले की चिवट होते. घराच्या आजींनी पहिल्याच भेटीत आम्हांला ताकीद दिली होती : "बसा, फादरानू. बोलणा मगे. थंड झाला की तेचा कातडा होता." म्हणूनच घावनाला मोटारीने जावे लागते. ते डब्यात घालून आपल्याकडे आणता येत नाही. समोसा आणता येतो, उल्हासनगरची कोकी तर आठवडाभर प्रवासाला नेता येते. घावन मात्र तव्यापासून दहा पावलांवरच घावन असते.

आमच्या धर्मग्रामात राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, सभागृहात सर्व कुटुंबे एकत्र येतात आणि प्रत्येक जण आपापल्या गावचे घावन घेऊन येतो. गोवेकर आलेबेले आणतात, आत ओले खोबरे आणि माडाचा गूळ. ईस्ट इंडियन घरांतून तांदळाचे चिताप येतात. मंगळूरकरांचे नीर दोसे येतात, जे आमच्या मते घावनच होय, परंतु हे मत मंगळूरकरांपुढे मांडण्याची सोय नाही. केरळी भगिनी आप्पम आणतात. नगरकर धिरडी आणतात आणि ती सर्वांत आधी संपतात. ही चाल आम्ही शोधून काढलेली नाही. उपवासकाळात पूर्वी मांसाबरोबरच अंडी, दूध, लोणीही वर्ज्य असे. तेव्हा घरातील शिल्लक आदल्या दिवशीच संपवावी लागे, आणि दूध, अंडी, पीठ एकत्र केल्यावर होते ते हेच. रशियात उपवासापूर्वीचा आख्खा आठवडाच लोण्याच्या नावाने ओळखला जातो आणि तेथे 'ब्लिनी' होतात. फ्रान्समध्ये २ फेब्रुवारीला, प्रभूच्या समर्पणाच्या सणाला, पातळ 'क्रेप' करतात. इंग्लंडात त्या मंगळवारी चर्चची घंटा वाजे ती लोकांना पापनिवेदनासाठी बोलावण्याकरिता. कालांतराने लोक तिला घावनांची घंटा म्हणू लागले. ओल्नी नावाच्या गावी १४४५ साली एक गृहिणी ती घंटा ऐकून हातातल्या तव्यासह चर्चकडे धावत सुटली, अशी आख्यायिका आहे, आणि तेथे आजही त्या दिवशी स्त्रियांची तवा घेऊन शर्यत होते. पोप पॉल सहावे यांनी १९६६ साली उपवासाचे नियम पुष्कळ सौम्य केले, आणि अंडी संपवण्याची निकडही आता राहिलेली नाही. निकड गेली तरी घावन टिकले.

पवित्र शास्त्रालाही तवा परका नाही. लेवीय ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात धान्याचे अर्पण कसकसे भाजावे हे सांगितले आहे : भट्टीत, तव्यावर किंवा कढईत. सेमिनरीत हा अध्याय आम्ही कंटाळत वाचला. आता वाटते, ज्याच्या घरी भट्टी नाही त्याचेही अर्पण देवाला चालावे म्हणून तव्याला तेथे जागा मिळाली असावी. होशेय संदेष्ट्याने तर एफ्राइमला न उलटलेल्या भाकरीची उपमा दिली आहे, एका अंगाने करपलेली आणि दुसऱ्या अंगाने कच्ची. स्वयंपाकघर पाहिलेल्या माणसालाच ती सुचेल. आणि सारफथची विधवा आहेच. दुष्काळात तिच्यापाशी मूठभर पीठ व थोडे तेल उरले होते, आपण आणि मुलगा शेवटचे खाऊ म्हणून ती काटक्या वेचीत होती, आणि एलियाने तिच्याकडे पहिली भाकर मागितली. पीठ, तेल आणि चार काटक्या! त्या घावनांच्या घराची कथा ऐकल्यापासून तो उतारा प्रवचनात वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आंब्याचे झाड येते.

ती कथा अशी. आजी मूळच्या सावंतवाडीकडच्या. लग्न होऊन अंबरनाथला आल्या, कारण यजमान तेथील एका कारखान्यात होते. चाळीत दोन खोल्या, पगार वेळेवर, गणपतीला गावी जाणे. त्या काळी अंबरनाथच्या भोंग्यांवर घड्याळे लावीत. पुढे तो कारखाना बंद पडला. देणी मिळाली ती तुटपुंजी, तीही हप्त्याहप्त्याने. त्यांतून त्यांनी बदलापूरपलीकडे दोन गुंठे जमीन घेतली, तेव्हा तेथे कोणी जमीन घेत नसे. यजमान फार दिवस राहिले नाहीत. आजींनी सासरहून आणलेला बिडाचा तवा रस्त्याच्या कडेला चुलीवर ठेवला. गिऱ्हाईक म्हणजे वीटभट्टीवर जाणारे मजूर आणि दुधाचे कॅन नेणारे सायकलवाले. उसळ तेव्हा नव्हती, नुसते घावन आणि लसणीची चटणी. मुलगा शाळेतून आला की पाणी भरी. तो मोठा होऊन रिक्षा चालवू लागला, लग्न झाले, आणि सूनबाई तव्यापाशी उभ्या राहिल्या. पडवी नंतर झाली, टेबले त्याहून नंतर.

ही कथा ऐकताना आम्हांला उल्हासनगर आठवल्याखेरीज राहिले नाही. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी कल्याणजवळ ज्या बराकी बांधल्या होत्या त्यांत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तेथे नव्या नगराची कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून त्याचे नाव ठेवले. नाव उल्हासाचे, आणि लोक सर्वस्व गमावलेले. एका लांब बराकीत मध्ये गोणपाटाचे पडदे लावून कित्येक कुटुंबे राहिली. परंतु ते लोक हात पसरताना दिसले नाहीत, असे त्या काळी पाहिलेले सगळेच सांगतात. पुरुष रेल्वेच्या डब्यांतून किरकोळ माल विकीत; बायका पापड लाटीत. पाच कॅम्पांच्या गल्ल्यांतून आजही सकाळी डाळ-पकवानाच्या गाड्या लागतात, कांदा आणि अनारदाणा घातलेल्या जाड कोक्या शेकल्या जातात, बेसनाचा चिलडो होतो, जो आपल्या धिरड्याचा सख्खा भाऊ शोभेल. कोकी एकदा अर्धीकच्ची भाजून, पुन्हा लाटून, पुन्हा शेकतात. दोनदा आगीवरून गेलेली ती भाकर म्हणूनच टिकते. श्रावणातील थदडीच्या सणाला सिंधी घरात चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचे गोड लोले आणि कोक्या थंडच खातात. आमच्या एका सिंधी स्नेह्यांनी विनोदाने म्हटले होते, "फादर, वर्षातून एक दिवस आमच्या बायकांच्या तव्याला सुट्टी असते." त्या वेळी आम्ही हसलो. वाक्य मात्र मागे राहिले.

गेल्या पावसाळ्यात त्या घावनांच्या घरी एक पेच उभा राहिला आणि त्यात आम्हांला बोलावणे आले. हॉटेलच्या धंद्यात मुरलेले आमचे एक धर्मग्रामस्थ आहेत. मनाने दिलदार, दानपेटीलाही तसेच. आम्हीच त्यांना तेथे नेले होते. चार घावने खाऊन त्यांनी हात धुतले आणि हिशेब मांडला. बदलापूरच्या बाजूने नवा द्रुतगती मार्ग आखला गेला आहे, वाहने वाढणार आहेत. पडवीच्या जागी पक्के सभागृह, वीस टेबले, गॅसचे सहा तवे, पीठ वाटायला यंत्र. पैसा त्यांचा, जागा व कसब या कुटुंबाचे, नफा निम्मा निम्मा. प्रस्तावात कोठेही लबाडी नव्हती. मुलगा हरखला. रिक्षाचे हप्ते, मुलीचे चांदीबाई महाविद्यालयातील शिक्षण, सारे त्याच्या डोळ्यांपुढे होते. आजींनी मात्र साफ नकार दिला. यंत्रावर पीठ तापते आणि सहा तव्यांना सहा नोकर लागतात, नोकराला जाळीचे काय, असे त्यांचे म्हणणे. मायलेकांत बोलणे बंद झाले. आठ दिवसांनी मुलगा आमच्याकडे आला. "फादर, आई तुमचं ऐकते. तुम्ही एकदा समजावून सांगा."

आम्ही गेलो. एका बाजूला आजी, एका बाजूला मुलगा, मध्ये आम्ही. तासभर दोघांचे ऐकले. दोघांचेही बरोबर होते, आणि अशा वेळी मध्यस्थाची फार अडचण होते. बोलणे चालू असताना आमच्यापुढे घावन येत होते, एकामागून एक, गरम. ते ठेवून जाई नात. तव्यापाशी सूनबाई होत्या, पाठमोऱ्या.

उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम मम्रेच्या झाडांखाली बसलेला असताना तीन पाहुणे येतात. दुपारची वेळ. तो धावत राहुटीत जातो आणि साराला तीन मापे सपीठ मळून लवकर भाकरी करायला सांगतो. स्वतः वासरू निवडतो, दही-दूध आणतो, आणि पाहुणे जेवत असताना झाडाखाली उभा राहतो. आदरातिथ्याचा हा उतारा आपण लग्नांतून, सुवर्णमहोत्सवांतून कितीदा ऐकलेला आहे, आणि दरवेळी अब्राहामाची स्तुती झालेली आहे. परंतु जेवण झाल्यावर पाहुण्यांचा जो पहिला प्रश्न आहे त्याकडे आमच्या एका जुन्या प्राध्यापकांनी वर्गात लक्ष वेधले होते. पाहुणे अब्राहामाला विचारतात ते त्याच्या पत्नीविषयी, सारा कोठे आहे म्हणून. ती राहुटीत, दाराआड होती. देवाचे वचन तिच्याविषयी होते, आणि ते तिला ऐकू जाईल अशा रीतीने बाहेर बसून सांगितले गेले. भाकरी खाऊन झाल्यावर भाकरी करणारीची चौकशी करणे ही त्या पाहुण्यांची पहिली ओळख आहे. ते देवाकडचे आहेत हे नंतर कळते.

तो उतारा त्या वेळी आठवला असे म्हणणे खोटे ठरेल. तो नंतर, परतीच्या वाटेवर आठवला. त्या क्षणी आम्ही एवढेच म्हणालो, "सूनबाईंचे काय मत आहे?" मायलेक दोघेही आमच्याकडे पाहू लागले. वाद सहा तव्यांचा होता, आणि त्यांच्यामागे उभी राहणारी व्यक्ती तेथेच होती. नातीने जाऊन पिठाची पळी आपल्या हातात घेतली आणि आईला पुढे पाठवले.

पदराला हात पुसत त्या आल्या, परंतु बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मोठं करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला त्यातलं काही नको असंही नाही. पण फादर, एकोणीस वर्षं झाली, मी इथं गरम घावन खाल्लेलं नाही. पहिलं बिघडतं ते माझं, आणि शेवटचं राहतं ते माझं. तोवर दुपारचे तीन वाजतात. रविवारी चार. खांदा वर होत नाही आता." मग थोडे हसून म्हणाल्या, "लोक लांबून येतात, चांगलं आहे म्हणतात. कसं लागतं ते मला माहीत नाही."

आजी खाली बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "माका तरी खंय म्हायत होता?"

आमच्या धर्मग्रामस्थांनी हे वाचताना त्या घराला दोष देण्याची घाई करू नये. आपल्या स्वयंपाकघरांत पोळे, आप्पम, फुगे होतात तेव्हा कोण उभे असते आणि कोण केव्हा जेवते, हे आम्ही घरभेटींना जातो तेव्हा पाहतो. धर्मगुरूला तर सर्वांत आधी वाढतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ साली रविवारविषयी 'दिएस दोमिनी' हे पत्र लिहिले आणि प्रभूचा दिवस म्हणजे केवळ आठवडाअखेरची करमणूक नव्हे, असे त्यात बजावले. त्या पत्रावर आम्ही तीन रविवार प्रवचने दिली आहेत. मिस्सा आटोपून सात मोटारी एकदम वांगणीच्या रस्त्याला लागतात तेव्हा त्या सात मोटारींचा विसावा दोन तव्यांवर आणि एका खांद्यावर येऊन पडतो, हेही त्याच प्रकरणात यायला हवे.

निर्णय आमच्या समोर झाला नाही. तो त्यांचा त्यांनी घेतला आणि तो कोणाच्याच मनासारखा नाही, म्हणून बहुधा टिकेल. सभागृह बारगळले. पीठ वाटण्याचे यंत्र आले. ते आमच्या त्या सद्गृहस्थांनी भेट म्हणून देऊ केले, आजींनी भेट नाकारली, आता त्याची रक्कम महिन्यामहिन्याने फेडली जात आहे. यंत्राच्या पिठाला वास येतो असे आजी म्हणतात. आमच्या जिभेला तो लागला नाही. तव्यांजवळ एक उंच स्टूल आले. सूनबाई ठाण्यास हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. आणि मुलगा घावन शिकला. रिक्षा त्याने पुतण्याला चालवायला दिली आहे. आरंभी त्याची घावने आंबोळीइतकी जाड होत, कडा तुटत, आणि ओळखीची गिऱ्हाइके तोंडावर हसत. आजी बाजूला बसून "कडेसून ओत, कडेसून" असे सांगत असत. सहाव्या का सातव्या आठवड्यात जाळी पडली. त्या दिवशीचे पहिले चांगले घावन त्याने रसाच्या वाटीसह बायकोपुढे ठेवले, असे नातीने आम्हांला सांगितले. त्यावर सूनबाई काय म्हणाल्या असे विचारले, तेव्हा म्हणाली, "मीठ कमी आहे म्हणाली."

आता जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. महिन्याचा शेवटचा रविवार बंद असतो. त्याबद्दल आमच्याकडे दोन तक्रारी आल्या आहेत. त्या आम्ही दाखल करून घेतलेल्या नाहीत. गौरींच्या दिवसांत तीन दिवस बंद, कारण त्या वेळी घरातच घावन-घाटल्याचा नैवेद्य असतो. इतर दिवशी सकाळी आठ ते एक. एक म्हणजे एक. त्यानंतर घरातली माणसे बाहेरच्या टेबलावर जेवायला बसतात आणि त्या वेळी गाडीचा भोंगा वाजवू नये. पार्सल मिळत नाही, मागू नये. रविवारीच जायचे असेल तर सर्वांनी एकदम न जाता पहिल्या मिस्सेच्या लोकांनी पुढे जावे आणि दुसऱ्या मिस्सेच्यांनी शनिवार पाहावा. शनिवारी मुलगा तव्यावर असतो. त्याची घावने अजून किंचित जाड असतात, परंतु काळ्या वाटाण्यांबरोबर ती चालून जातात.